हलकी केलेली मोटार

माझ्यासमोर त्या पाटलाचं नाव काढू नका, तोंडातला चहा कडू व्हायलाय.

जागीरदार हैदराबादला निघून गेला, तवा त्याची जुनी मोटार बोरीच्या ह्या पाटलानं घेतली. मला म्हणाला, "मिस्त्री, जत्रेत बैलं पळतात त्या मैदानावर शेजारच्या झरी गावच्या मोटारवाल्याला मागं टाकायचं. काय करायचं ते कर."

चार महिने राबलो. इंजन खोलून नवे पिस्टन बसवले. छत काढलं, दारं काढली, मागची सीट उपटली. गाडी हलकी झाली की पळती, म्हणून माझा जेवणाचा डबासुद्धा तिच्यात ठेवत नव्हतो.

जत्रेच्या दिवशी रेडिएटरसाठी पाणी आणायला गेलो. परत येऊन पाहतो तर मागं जाजम अंथरलेलं, त्याच्यावर सात पाव्हणे मांडी घालून बसलेले, मधोमध पानाचा डबा.

"पाटील, उतरवा ह्यांना. अशानं मोटार पळणार न्हाई."

पाटील माझ्या कानाशी लागला. "येडा हायस का? पोरीची सोयरीक परवाच जमली. व्याह्याला उतर म्हणू?"

झरीवाला मैदानाच्या टोकाला जाऊन माघारी आला, तवा आमी अर्ध्यातच रांगायलो होतो. वर मागून व्याही म्हणतो, "जरा हळू घ्या, चुना सांडायलाय."

उतरल्यावर मी पाटलाला धरलंच. "माझे चार महिने मातीत घातले तुमी."

तो थंडपणानं म्हणाला, "सीट काढून एवढी जागा तूच केलीस की. मी समजलो, पाव्हण्यांसाठी केलीस."