सुनेची वाटी

भाची : ते भांडं आधी खाली ठेव, मावशी. चमचापण.

मावशी : अगं, चव तरी घे! वादळासारखी आत आलीस, चपलासुद्धा काढल्या नाहीस. प्रयोगशाळेत काही खायला देत नाहीत वाटतं?

भाची : मागच्या आठवड्यात मला तपासायला दिलेलं दही कुठल्या भांड्यातलं होतं?

मावशी : ह्याच. का, नापास झालं? पहिल्या वेळी तूच डोक्यावर घेऊन नाचलीस की. म्हणे, तुझ्या विरजणात औषधासारखे जिवाणू आहेत! अख्ख्या गल्लीत सांगून आले मी.

भाची : ते आहेतच, आजही आहेत. पण तेव्हा मी फक्त चांगलेच शोधले. जिवाणू वाढवायच्या ज्या बशीत दुसरं काही उगवतच नाही, त्या बशीत. ह्या वेळी साहेबांनी दुसरीही लावायला सांगितली. तिच्यात भलताच जंतू उगवलाय. दूध उकळतेस ना तू?

मावशी : चाळीस वर्षं उकळलं. पण तूच म्हणालीस ना, कच्च्या दुधातही चांगले जिवाणू असतात, उकळलं की मरतात. म्हटलं, मग कशाला मारायचे? ह्या भांड्यापुरतं नुसतं कोमट करते हल्ली.

भाची : अगं देवा! मी ते चहा पिता पिता बोलले होते गं!

मावशी : शिकलेली पोर तू. तुझं चहा पितानाचं बोलणंही मी गाठीला बांधून ठेवते.

भाची : निदान पुरतं आंबू तरी देतेस?

मावशी : तिला आंबट चालत नाही. जरा घट्ट झालं की लगेच फ्रिजमध्ये.

भाची : तिला म्हणजे?

मावशी : तुझ्या वहिनीला. आम्ही आपलं उकळलेल्या दुधाचंच खातो, हे खास तिच्यासाठी. सकाळ-संध्याकाळ एक वाटी. सातवा लागलाय तिला. दोनदा कूस उजवता उजवता राहिली, ह्या वेळी मला कसलीच कसर ठेवायची नव्हती. ती नको नको म्हणते, मीच समोर बसून संपवायला लावते.

भाची : तो जंतू फ्रिजमध्येही वाढतो, मावशी. तुला-मला कदाचित काही होणार नाही. पण पोटातल्या जिवाला...

मावशी : पुढचं बोलू नकोस. औषध असेल ना त्याला?

भाची : आहे. वेळेत कळलं तर. आधी साधा ताप येतो, अंग मोडून येतं. तिला काही होतंय का?

मावशी : नाही गं, छान आहे. सकाळी कंबर धरली म्हणत होती, ते तर असतंच. ह्या उकाड्याने आडवी झालीये. बघ ना, पंखा चालू आहे तरी पदर भिजलाय माझा.

भाची : जेवली का?

मावशी : नाही. वाटी तेवढी घेतली. मी आग्रह केला म्हणून.

भाची : उठव तिला. मी दवाखान्यात फोन करते.

मावशी : काय सांगून उठवू? माझी जीभच उचलत नाहीये गं.

भाची : मी सांगते. तुझ्याइतकंच माझंही चुकलंय. चल.

(आतल्या खोलीतून सुनेचा आवाज.)

सून : आई, कपाटातलं अजून एक पांघरूण देता का? थंडी जातच नाहीये.