चढावरचा इंटरव्हल

इंटरव्हलशिवाय सिनेमा असतो का? शिळफाट्याच्या माझ्या छोट्या थिएटरात तरी नसतो, मग तो माहितीपट का असेना. दिग्दर्शिका म्हणाली, “एवढासा तर आहे, मध्ये तोडू नका.”

म्हटलं, “मॅडम, माझं पब्लिक मला ठाऊक आहे.”

बरोब्बर मध्यावर चित्र थांबवून दिवे लावले. पडद्यावर एक बाई, डोक्यावर पाण्याचे हंडे, अर्ध्या चढावर. बाहेर वडे तयार. पण कुणी उठेचना.

म्हटलं, “चला, चहा घ्या.”

कशेळ्याहून आलेल्या मावशी म्हणाल्या, “ती भरले हंडे घेऊन उभी हाय आन् आमी चा पिऊ? आधी तिला घरी पोचव रं.”

मुकाट्यानं दिवे घालवले, सिनेमा पुढे चालू केला. बाईनं अंगणात हंडे उतरवले, तशा मावशी म्हणाल्या, “हां, आता आन तुझा चा.”