कावळा शिवला, पण...

मंडळी, आजच्या कीर्तनात मला एवढंच सांगा – आपला माणूस कुणाला म्हणायचं? जो आपल्याबरोबर भिजतो त्याला, की जो आपल्याला भिजू देत नाही त्याला? घाई नको! विश्राम पाष्ट्याला हे अजून उमगलेलं नाही.

कोकणातलं गाव. घरं ओढ्याच्या अलीकडं, दवाखाना पलीकडं आणि मध्ये साकव नाही. पायी जायचा साधा पूल हो, तोही नाही! आषाढात विश्रामच्या बापाच्या, धोंडूबाबाच्या छातीत कळ आली. डोलीत घालून ओढ्यापर्यंत आणला, तर ओढा दोन्ही काठ भरून चाललेला. पाणी उतरायची वाट बघता बघता म्हातारा गेला.

दुसऱ्या दिवशी आमदार बाळशेठ आले. मसणवटही पलीकडंच. शेठनी चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि तिरडीला खांदा देऊन कमरभर पाण्यात उतरले! अहो, सख्खा जावई काठावर छत्री धरून उभा – आणि आमदार पाण्यात! गाव म्हणालं, असा माणूस शोधून मिळायचा नाही. विश्राम तर त्यांच्या गळ्यात पडून रडला. शेठचेही डोळे भरले. ते खोटं नव्हतं, मंडळी. तिथंच तर सगळी पंचाईत आहे!

घरी आल्यावर विश्रामच्या डोक्यात गुंता झाला. साकव असता तर बाबा वाचले असते. तो करून घ्यायचं काम शेठचं. मग आपण रडलो कुणाच्या गळ्यात? बायकोला आठवा महिना, तिलाही याच ओढ्यातून न्यायचंय. विचारायला हवं. पण बापासाठी भिजलेल्या माणसाला विचारायचं कोणत्या तोंडानं?

दहावा आला. ओढ्याकाठी पिंड मांडला. आंब्यावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना! म्हाताऱ्याच्या आवडीची विडी ठेवून झाली. जावयानं सासूला सांभाळायचा शब्द दिला. कावळा ढिम्म. शेठ सगळ्यांबरोबर ओल्या मातीत बसले होते. ते उठले, हात जोडून म्हणाले, "धोंडूदादा, साकव होणार. माझा शब्द." कावळ्यानं मान फिरवली. हसू नका, शेठ बिचारे खरंच गोंधळले!

मग विश्राम पुढं झाला. हळूच म्हणाला, "बाबा, कधी होणार ते मी यांना विचारीन. आत्ता. सगळ्यांसमोर."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळं गाव विश्रामकडं बघायला लागलं. तो वळला. समोर शेठ, विजारीला चिखल, खांद्यावर ठेवायला हात पुढं केलेला. विश्रामच्या घशाशी प्रश्न आला. तोंड उघडलं.

"शेठ," तो म्हणाला, "जेवून जाणार ना?"

जेवले हो शेठ! पंगतीत, मांडीला मांडी लावून. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आणि विश्राम वाढता वाढता आंब्याकडं बघत राहिला. कावळा उडून गेला होता. विश्रामच्या शब्दावर शिवलेला घास कावळा आता परत कसा देणार?

आता बोला, विश्राम चुकला? मला विचाराल तर मीही चाचपडतोय. प्रेम खरं होतं, ओढाही खरा आहे. पण तुम्ही आत्ता हसलात ना, मंडळी? मग टाळ उचलण्याआधी आठवून बघा, तुमच्या घशाशी येऊन मागं फिरलेला प्रश्न कोणता. श्रावण अजून सरायचाय, आणि विश्रामच्या बायकोला नववा लागलाय.