शेपट्या जोडू का?

सेटिंग म्हणजे साधी गोष्ट, असं मला परत कुणी म्हणू नका. मुखेडला मामांच्या बँडवर काय झालं ते ऐका.

आमचं लातूरचं सॉफ्टवेअर गाण्याचं नोटेशन लिहितं. झटपट वाजणाऱ्या सुरांच्या खुणांना शेपट्या असतात, त्या एका आडव्या दांडीनं जोडल्या, की ठेका डोळ्याला दिसतो. ताल बदलला की त्या आपोआप जोडायच्या, की आधी विचारायचं? मी मोठ्या अदबीनं 'विचारा' ठेवलं.

मामा टॅब्लेटवर बघून क्लॅरिनेट वाजवतात. त्या दिवशी मीही त्यांच्या शेजारीच. वरात रंगात आली, ताल बदलला आणि अख्ख्या स्क्रीनवर आमचा प्रश्न आला. दोन्ही हात क्लॅरिनेटवर, बोट कुठून लावणार? मामा थांबले, तसा सगळा बँड थांबला.

आमच्याकडं बँड असा एकदम बंद पडतो तो कुठं मयत झाली असली तरच. सगळ्यांच्या नजरा मागच्या जीपकडं वळल्या. आत नवरदेवाचे आजोबा होते, लई दिवसांचे आजारी. त्यांच्यासाठीच तर लग्नाची घाई केलेली. मान कलंडलेली, डोळे मिटलेले. नवरदेव घोड्यावरून उतरून जीपकडं पळाला. एक बाई तर रडायलाच लागली.

"आबा! ओ आबा!"

आजोबांनी डोळे उघडले. "बँड का थांबला रे? कोण गेलं?"

मामांनी टॅब्लेट माझ्यापुढं धरला. "दाब बाबा, तूच दाब. माझा हात चालंना."

तेव्हापासून आमचं सॉफ्टवेअर कुणाला काही विचारत नाही.