फॉइलचा ट्रे आणि काठातली तार

पावाचं कौतुक नंतर करा, आधी तो कसा पसरला होता ते ऐका.

यांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली होती. सगळी हयात टूलरूममध्ये गेलेला माणूस, आता दिवसभर गॅलरीत गप्प बसून राहायचा. मी आपली मंडईजवळून फॉइलचे स्वस्तातले ट्रे आणले आणि त्यात पाव भाजायला ठेवला. पीठ फुगलं, ट्रेचे कोपरे उघडले आणि पावाचं थालीपीठ झालं.

माझी हाक ऐकून हे आत आले. ट्रे उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "काठाला तार नाही, कोपऱ्याला दुमड नाही. हा माल पास कोणी केला?"

कपाटातून मापं घ्यायचा व्हर्नियर बाहेर आला. यांनी दोन ट्रे एकात एक बसवले, कोपरे दुमडले आणि बादलीच्या काठात असते तशी तार घातली. पुढचा पाव अगदी दुकानातल्यासारखा चौकोनी निघाला.

दुसऱ्या दिवशी शेजारची आयटीवाली नेहा तो खाऊन म्हणाली, "काका, मलाही असा ट्रे करून द्या ना, आत्ताच!"

"आज जमणार नाही," हे म्हणाले. "रविवारी कारखाना बंद असतो."

व्हीआरएस घेतल्यापासून यांची ती पहिली सुट्टी.