नाकाची पिशवी

राजकुमार : आबा, पिशवीवर नका बसू. आतला फोटो मोडंल.

कडुबा : मोडत नाय. कवा बोलावत्यात? सहाची सोयगावची गाडी जाईन बघ.

राजकुमार : जाऊ द्या. किडनीचा आकडा तीन आठवड्यात दीडचा साडेतीन झालाय, अन् तुम्हाला गाडी दिसायली.

कडुबा : तू आधी बस. तुझ्या येरझाऱ्या बघून मान दुखली माझी.

डॉक्टर : कडुबा काका? या आत. बसा. टीबीच्या गोळ्या किती महिने झाल्या?

कडुबा : चौथा चालू हाय.

डॉक्टर : थुंकीत जंतू तर एकदाही सापडले नाहीत.

राजकुमार : छातीवाले म्हणले, फोटोत डाग हाय, बेडक्यात रक्त हाय, चालू करा.

डॉक्टर : आणि आता लघवीत रक्त. काका, नाकाचा काही त्रास?

कडुबा : नाय.

डॉक्टर : खपल्या? रक्त? नाक बंद राहणं?

कडुबा : म्याडम, मी फर्दापूरला लेणीपाशी रंगीत दगड विकतो. दिवसभर पुसायचे. धूळ जाती नाकात, दुसरं काय.

डॉक्टर : म्हणजे होतो त्रास. कुणाला दाखवलं?

कडुबा : कोणालाच नाय.

राजकुमार : आबा, ती पिशवी काढा.

कडुबा : गप रे.

राजकुमार : काढा. बुडाखाली हाय ती.

डॉक्टर : सायनसचा सीटी. आठ महिन्यांपूर्वीचा. आतलं हाड झिजलंय इथं. काका, हे मागच्या वेळी का नाही दाखवलं?

कडुबा : एका डॉक्टरपुढं दुसऱ्याचा कागद काढला की त्याला राग येतो. म्हणून तीन पिशव्या. नाकाची, छातीची, किडनीची. माझंच डोकं, म्याडम.

डॉक्टर : तीन पिशव्या, पण आजार बहुतेक एकच. अंगाची राखण करणारी ताकद आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. ॲन्का नावाची रक्ताची तपासणी आजच पाठवते. उद्या किडनीतून सुईनं तुकडा घेऊ.

कडुबा : किडनीचा तुकडा?

डॉक्टर : शेवईएवढा.

राजकुमार : उशीर झाला का? खरं सांगा.

डॉक्टर : झालाय. किती, ते तुकड्यात कळेल. आज ॲडमिट झालात तर किडनी वाचवायला जागा आहे. पुढच्या आठवड्यात आलात तर कदाचित डायलिसिसचंच बोलावं लागेल.

कडुबा : म्हंजे गाडी गेली.

(दोघं बाहेर, जिन्यापाशी.)

राजकुमार : खोटं का बोलला तुम्ही? पिशव्या वेगळ्या ठेवा, हे मी सांगितलं होतं. छातीवाल्यानं नाकवाल्याची चिठ्ठी भिरकावली, तवा मीच घाबरलो. तुमचं कुठलं डोकं.

कडुबा : ध्यानात हाय.

राजकुमार : मग सांगायचं ना तिला. चार महिने गेले, आबा. माझ्यापायी.

कडुबा : उद्या मला सुई टोचायच्या आधी ती तुलाच बोलावणार. काय करू, कसं करू, तुलाच इचारणार. तिला तू शहाणा वाटला पायजे.

राजकुमार : म्हणून सगळं तुमच्यावर घेतलं?

कडुबा : तोंड पूस. अन् ही धर. तिन्हीतले कागद एकीतच कोंब आता.