पानावर बोलायचं नाही

नाही, तुम्हीच सांगा, बापाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पोराला "अजून एक पोळी घे" म्हणायचं नाही, हा कुठला न्याय? "घे" नाही, "नको घेऊस" नाही, "वाळलास" नाही, "सुटलास" नाही... अहो, मग मराठी माणसाने बोलायचं काय? हवेबद्दल? चेन्नईची हवा बारा महिने एकच! तुम्हाला सांगतो, मी रत्नाकर, बँकेत आहे, नुंगंबाक्कमच्या शाखेत, राहायला वेलचेरीला, बावीस वर्षं झाली इथे येऊन, आणि या बावीस वर्षांत कुणीही भेटो, माझं पहिलं वाक्य ठरलेलं. एक तर "काय हो, बारीक दिसताय!" नाहीतर "काय हो, बरेच मानवलात!" तिसरं वाक्य मला येतच नाही. आणि मला हुकूम काय? तीन महिने जेवणावर आणि अंगावर एक अक्षर बोलायचं नाही!

हुकूम कुणाचा? सौम्या मॅडमचा. आमच्या अमोघच्या कॉलेजातल्या कौन्सेलर. वय माझ्या भाचीएवढं, आवाज इतका मऊ की भांडताही येत नाही. म्हणाल्या, "सर, तुम्ही फक्त शेजारी बसा. जेवा. बोलू नका." फक्त म्हणे! अहो, माशाला सांगा, फक्त पोहू नकोस.

आता हे झालं कशानं ते ऐका. अमोघ लहानपणी गुटगुटीत. आम्ही त्याला लाडू म्हणायचो. आम्ही म्हणजे... मीच म्हणायचो. चारचौघांत. बारावीपर्यंत. मग कॉलेज सुरू झालं, जिम सुरू झाली, पोरांचा एक ग्रुप, त्यात रोज स्वतःच्या पोटाचे फोटो टाकायचे, कुणाच्या पोटाला किती घड्या... म्हणजे घड्या नाहीत, त्या उलट्या असतात ना, वड्या पाडल्यासारख्या, त्या! घरी आला की उकडलेल्या अंड्याचं पांढरं खायचा आणि पिवळं बशीत तसंच. मला वाटलं, वा! पोरगा व्यायाम करतोय! हे डाएटबिएटचं दुखणं मुलींचं असतं, मुलांना कसलं आलंय? मुलं जेवतात, ढेकर देतात आणि झोपतात, इतकी माझी अक्कल. आणि डबा तर रोज रिकामा यायचा. आमची सौ., विमला, खूश, "बघा, चाटूनपुसून खातो!"

चाटूनपुसून खात होता शहाजी! अमोघचा मित्र, तंजावरचा मराठी, पिढ्यान्पिढ्या इकडचा, बोलतो आपलीच भाषा पण अशी की निम्मी तमिळ आणि निम्मी थेट राजेरजवाड्यांच्या काळातली. एका सकाळी कॉलेजला जाताना वेलचेरी स्टेशनच्या जिन्यावर अमोघच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, गडी कोसळलाच असता, पण या शहाजीनं त्याला खांद्यावर घेतला, शेअर ऑटोत घातला, कॉलेजच्या डॉक्टरांना दाखवला आणि तिथून उचलून थेट सौम्या मॅडमसमोर बसवला. संध्याकाळी घरी आला, चपला हातात, रडवेला. "अय्यो अंकल, सहा महिने तुमचा डबा मीच खाल्लों! मला वाटलं ह्याला बोअर झालं. थालीपीठसुद्धा मीच खाल्लों, अंकल!" आणि मी बघतोय, विमलाच्या थालीपिठांनी त्याचे गाल असे... नाही. बोलायचं नाही! पण सोनं आहे हो पोरगं. मित्राचा डबा खाणारे पुष्कळ असतात, त्याच्या बापासमोर येऊन कबूल करणारा हा एकच.

आणि आमचा अमोघ! त्यानं त्याच संध्याकाळी आम्हाला दोघांना सोफ्यावर बसवलं. म्हणाला, "बाबा, मला जेवणाचा आजार झालाय. खरा आजार आहे, त्याला नाव आहे, औषधोपचार आहेत. मी दिवसचे दिवस जेवत नाही, मग एकदम लपूनछपून खात सुटतो, आणि मग खाल्ल्याची शिक्षा म्हणून पळत सुटतो. हाडं दिसायला लागलीत हे मला कळतं, पण आरशात मला अजून तो लाडूच दिसतो."

तो शब्द माझा होता हो.

विमला रडली. मी पंख्याकडे बघत बसलो. पण मनात म्हटलं, वीस वर्षांचं पोर, काय धीर आहे याचा! मला त्याच्या वयात चष्मा लागला होता, तेवढं वडिलांना सांगायचं धाडस झालं नाही, वर्षभर फळा शेजाऱ्याच्या वहीतून वाचला मी! आणि हा, पुरुषाच्या जातीला असलं काही होतं हे ज्या घराला माहीतच नाही, त्या घराच्या मध्यभागी बसून सगळं सांगतो. मानलं!

मग सुरू झाले ते तीन महिने. तुम्हाला सांगतो, जिभेला गाठ मारणं सोपं असेल. मी तोंड उघडलं की विमला टेबलाखालून लाथ घालायची, नडग्या काळ्यानिळ्या झाल्या माझ्या. बरं, काहीतरी बोलायला हवं म्हणून एकदा मी वेलचेरीत पाणी कसं तुंबतं, गटारं कशी भरून वाहतात यावर अर्धा तास बोललो. विमला म्हणाली, "अहो, समोर आमटी आहे!" आणि अमोघ? एक पोळी खायला त्याला पाऊण तास. घास हातात धरून बसायचा, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, मला वाटायचं आता उठणार, आता ताट सारणार... पण उठायचा नाही. रोज! मी मॅनेजर ओरडला तर उठून कॉफीला जातो. हा पोळीसमोर बसून राहायचा, आणि खायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, शाब्बास रे वाघा! पण बोलायचं नाही! शाब्बासही नाही, त्याचंही ओझं होतं म्हणे.

आणि अशात आलं इथल्या आमच्या मराठी मंडळाचं स्नेहभोजन. हॉल, केळीची पानं, पंगत. आता तिथे माझी ख्याती काय? जिलबी! आग्रह करावा तर रत्नाकररावांनी. पानावर कुणी हात आडवा धरला, तर मी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. बावीस वर्षांत माझ्या हातून एक पान कोरं सुटलेलं नाही! आणि सकाळी अमोघ म्हणतो, "बाबा, मी पण येतो. पंगतीला बसतो." वर्षभरात पहिल्यांदा! "फक्त माझ्या पानाशी आलात की एकदाच विचारा. मी म्हणेन तेवढंच वाढा."

मी परात घेऊन निघालो. पहिलं पान, दुसरं पान, सगळीकडे माझं चालू, "अहो, घ्या हो, आमची शपथ!" आणि जसजसा तो जवळ येतोय तसतसा माझा आवाज बसतोय. त्याच्या शेजारी कोण? सेतुमाधवकाका! रेल्वेतून रिटायर झालेले, माझेच गुरू, भेटेल त्याला बारीक-जाड म्हणायला मला शिकवलं ते यांनी. आणि काका सुरू झाले, इंजिनाच्या शिट्टीसारखा आवाज, "काय रे अमोघ, किती वाळलास! आजारी-बिजारी होतास की काय?"

पलीकडे विमलाच्या हातातली मठ्ठ्याची पळी हवेत. आणि अमोघनं पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं, म्हणाला, "हो काका. जेवणाचा आजार झाला होता. अजून आहे थोडा. बरा होतोय."

अहो, काय सांगू! अख्ख्या पंगतीत, न लाजता, न चिडता! काकांनी हातातला घास पानावर ठेवला. म्हणाले, "असं होय... मग बस रे. सावकाश जेव. मी आहे तुझ्याबरोबर." आणि तो सत्तरीचा माणूस, जो पहिल्या भाताला हात धुऊन मोकळा होतो, तो त्याच्यासाठी शेवटपर्यंत पानावर बसून राहिला.

मी पानासमोर उभा. एकदाच विचारलं, "जिलबी?"

अमोघनं परातीकडे बघितलं. म्हणाला, "अर्धी."

अर्धी! माझ्या हयातीत मी अर्धी वाढलेली नाही! मोडली. अर्धी पानावर ठेवली. आणि उरलेली अर्धी? परातीत परत टाकवेना, दुसऱ्याच्या पानावर घालवेना, खाल्ली मी! भर पंगतीत, परात हातात, उभ्या उभ्या! अहो, ओरडा झाला, "वाढपीच जेवायला लागला!" बावीस वर्षांची अब्रू गेली. पण समोर माझं पोर त्याची अर्धी खात होतं, आणि मी माझी. आयुष्यात इतकी गोड जिलबी खाल्ली नाही मी. डोळ्यांतून धार लागली, म्हटलं, पाक उडाला.

असो. परवा तीन महिने पुरे झाले. गेलो आम्ही सौम्या मॅडमकडे. म्हटलं, सुटलो! जीभ मोकळी! किती वाक्यं साठवली होती, घरी जाऊन एकेक काढणार होतो. मॅडमनी अमोघला विचारलं, "मग, बाबांवरची बंदी उठवू या?" मी खुर्चीच्या टोकावर. आणि कार्टं माझ्याकडे बघून गोड हसलं, किती दिवसांनी हसलं, आणि म्हणालं, "नको मॅडम, बाबांना मस्त जमतंय. मला खूप मदत होते त्यांची. अजून सहा महिने राहू दे."

आता यावर बाप काय म्हणणार? म्हटलं, राहू दे. म्हणून तर तुमच्यासमोर माईक धरून उभा राहिलोय, घरात तोंड बंद, निदान इथे तरी... अहो, ते पहिल्या रांगेतले, निळ्या शर्टातले! मघापासून बघतोय मी, गेल्या वर्षीपेक्षा तुम्ही जरा... जरा...

कसे आहात?